चावी काढल्यावरही

हजरत निजामुद्दीन स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, गाडी चालवण्याचा परवाना आणि धाकट्या जावेचा आशीर्वाद एवढंच सामान होतं. आशीर्वाद असा: "ताई, दिल्लीहून एकट्या गाडी आणताय? पानिपत करून याल बघा!"

कारण सांगते. वाईजवळ माझी रोपवाटिका आहे. घाटातून रोपं पोचवायला गाडी मीच चालवते. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मुलाने, महेशने, मला न विचारता माझी जीप विकून टाकली. "आता ड्रायव्हर ठेवू." डोळे सुधारल्यावर आईची गाडी काढून घेणारा मुलगा मी पहिल्यांदाच पाहिला. मी म्हटलं, दुसरी घेईन. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर नियमांची टांगती तलवार असते, म्हणून चांगल्या गाड्याही तिथले लोक बाहेरच्या राज्यात विकतात. महेशने अट घातली: दिल्लीत गाडीने एकदा जरी दगा दिला, तर ती ट्रकवर चढेल, मी रेल्वेत बसेन आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. रागाच्या भरात मी हो म्हणून बसले.

गाडी करोल बागेत होती. मेट्रोतून उतरून ई-रिक्षाने गेले. एका बाजूला लग्नाचे लेहंगे, दुसऱ्या बाजूला गाड्यांचे हॉर्न आणि सीटकव्हर, अशा गल्लीत मेहराजींचं घर. गाडी त्यांच्या काकांची. काका परदेशी स्थायिक झालेले. मेहराजींनी आधी छोले-भटुरे खायला घातले. भटुरा केवढा, तर माझं तोंड त्याच्यामागे झाकलं जाईल एवढा.

गाडी दणकट होती. फक्त स्टिअरिंगखाली एक काळी डबी चिकटवलेली, तिला वायरी आणि काचेत लाल आकडे.

"ये क्या है?"

"पता नहीं जी, चाचाजी को शौक था. घड़ी समझ लो."

घड्याळ म्हणावं तर वेळ चुकीची. मी गल्लीतून हळूहळू एक फेरी मारली, चावी काढली, गाडी गप्पकन बंद झाली. कागदपत्रं तयार होती. व्यवहार झाला.

मुक्काम छावणीत, माझ्या भाच्याकडे. संतोष सैन्यात नायब सुभेदार आहे. त्याची बायको वैशाली दिल्लीतल्या थंडीला आणि शेजारणींच्या हिंदीला सारखीच कंटाळलेली. तिला म्हटलं, "चल, गाडीची परीक्षा घेऊ. सगळे म्हणतात माझं पानिपत होणार, तर पहिल्यांदा तिथेच जाऊ."

हायवेवर गाडी सुसाट निघाली. मुरथलला पराठ्यांसाठी थांबलो. मी हँडब्रेक ओढला, चावी काढली, खाली उतरले. गाडी चालूच! चावी माझ्या हातात, आत कोणी नाही आणि इंजिन आपलं घरघरतंय. डबीतले आकडे उलटे पळत होते.

"आत्या, ही झपाटलेली आहे," वैशाली चार पावलं मागे सरकली.

मीही घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण भुतापेक्षा मला महेशची भीती जास्त. आकडे शून्यावर आले आणि इंजिन आपोआप थांबलं. मग आम्ही लोण्याचे गोळे टाकलेले आलू-पराठे खाल्ले. माझं निम्मं लक्ष डबीकडेच होतं.

पानिपतात काला अंबला, म्हणजे लढाईच्या स्मारकाला, पोचायला गावातून कासवगतीने जावं लागलं. तिथे चावी काढताच गाडी लगेच बंद. मी थबकले. पळवून आणली तर चालू राहते, सावकाश आणली तर लगेच थांबते. म्हणजे ही खोट नव्हे, कसला तरी हिशोब आहे.

स्मारकापाशी साताऱ्याकडची काही मंडळी हात जोडून उभी होती. एक आजोबा डोळे पुसत म्हणाले, "एवढ्या लांब आले हो आपले लोक." मलाही भरून आलं. हरले, हे सगळे सांगतात. केवढं चालून आले होते, हे इथे उभं राहिल्यावर कळतं. हात जोडताना मला आमचा घाट आठवला. आमच्याकडे भरलेली गाडी घाट चढून आली की ड्रायव्हर ती लगेच बंद करत नाही. इंजिन चालू ठेवून उतरतो, माथ्यावरच्या दत्ताला नमस्कार करतो, अंगारा लावतो आणि मग बंद करतो. मीही तेच करते. भक्ती आहेच, पण त्यात शहाणपणही आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. चढावर तो लालबुंद तापतो, आणि इंजिन एकदम बंद केलं की त्याला मिळणारं तेल तुटतं, तो करपतो. काकांनी बसवलेली डबी टर्बोला दम घेऊ देत होती. आमच्या दत्ताचं काम दिल्लीत डबी करत होती.

"टर्बो टायमर!" मी मोठ्याने म्हणाले. आजोबांनी दचकून पाहिलं.

परतताना पुन्हा जोरात आलो. छावणीच्या फाटकावर हरियाणवी जवान होता.

"माताजी, गाड्डी बंद करो. चाबी काढ के नीचे आओ."

मी चावी काढून दाखवली. गाडी चालूच. त्याने आत डोकावलं. वायरी, लाल आकडे आणि उलटी मोजणी! त्याचा चेहरा उतरला. "पीछे हटो! सब पीछे!" शिट्टी वाजली, मागची रांग थांबली, वैशाली तोंडावर पदर घेऊन पळाली. संतोष धावत आला.

"आत्या, इकडे ये!"

"नाही येत. शून्य झालं की ही बंद पडेल. मी इथेच उभी आहे."

"आत्या, माझी नोकरी आहे गं!"

"आणि माझी गाडी आहे."

मी पळाले असते तर गाडीतच खोट ठरली असती, आणि मग ट्रक ठरलेला. शून्य झालं. इंजिन थांबलं. एवढी शांतता मी दिल्लीत पहिल्यांदाच ऐकली.

त्यांनी गाडी आरशाने खालून, वरून, सगळीकडून तपासली. मी डबी चाचपली तेव्हा कडेला एक बारीक बटण सापडलं, मोजणी रद्द करायचं असावं. संतोषला शेजारी बसवून बाहेरच्या रस्त्यावर गाडी पळवून आणली आणि फाटकावर त्या जवानालाच बटण दाबायला लावलं. मोजणी रद्द, इंजिन गप्प. तो हसला, "यो तो बढ़िया चीज सै!" (ही तर झकास वस्तू आहे!)

संतोष मात्र हसला नाही. "काढून टाकू ही ब्याद," म्हणाला. तेवढ्यात महेशचा फोन. वैशालीने आधीच सगळं सांगितलं होतं.

"आई, दगा दिला ना गाडीने? ट्रक बघतो."

"बटण दाबलं की ऐकते. तुझ्यापेक्षा गुणी आहे."

"संतोषला दे फोन. संतोष, खरं सांग, गाडीत खोट आहे की नाही?"

संतोषने माझ्याकडे पाहिलं. पोरगा शिस्तीचा, खोटं बोलायचा नाही. माझा जीव टांगणीला लागला.

"दादा," तो म्हणाला, "आत्याचं डोकं ठिकाणावर नाही. पण गाडीत खोट नाही."

दुसऱ्या दिवशी निघाले. राजस्थानातली बाजरीची भाकरी, गुजरातेतला गोड वरणाचा धक्का, सगळं सोसत, मुक्काम करत घरी पोचले. महेश अंगणात हात पुढे करून उभा होता.

"पोचलीस, छान झालं. आता हौस फिटली. चावी दे."

मी चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. गाडी चालूच राहिली. तो चावीकडे पाही, गाडीकडे पाही. माझ्या वयाच्या बाईच्या हातातून चावी काढून घेतली की ती आपोआप थांबते, असं सगळ्यांना वाटतं. मी नाही थांबणार, हे मला त्याला तोंडावर सांगायचं होतं, आणि मी सांगितलं.

इंजिन आपल्या वेळेला थांबलं. चावी अजून महेशच्या तळहातावरच होती.

"सकाळी चावी आणून दे," मी म्हटलं. "पाचगणीला रोपं पोचवायची आहेत."