औषध जेवणाआधीचं

हे माझ्या बायकोला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे आणि जिल्ह्यातल्या बऱ्याच शिक्षकांनाही माहीत आहे. तरी एकदा स्वतःच्या हाताने लिहून काढल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा प्राथमिक शाळा तपासायचो. रत्नागिरीहून एसटीने निघायचं, एखाद्या गावी उतरायचं, हजेरीपट बघायचा, मुलांना पाढे विचारायचे आणि दुपारी मास्तरांच्या घरी जेवायचं. यातलं शेवटचं काम मी सगळ्यात मन लावून केलं. त्यातून वजन ब्याण्णव किलोवर गेलं आणि जांघेत हर्निया उतरला. सर्जन म्हणाले, "दहा किलो कमी करा, मेच्या सुट्टीत ऑपरेशन करू. एवढ्या चरबीत टाके टिकायचे नाहीत. आणि फार लांबवू नका. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल."

त्यांनी मला एका तरुण डॉक्टरांकडे पाठवलं. हे मुंबईहून शिकून नुकतेच परतले होते. अंगाने सडपातळ, स्वभावाने सरळ, आणि मला पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणणारे. त्यांनी टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला.

"काका, सकाळी आणि दुपारी जेवण नाही. त्याऐवजी या पावडरीचे तीन चमचे पेलाभर पाण्यात. शरीराला लागतं ते सगळं यात आहे. रात्री एक भाकरी, भाजी, माशाची एक तुकडी. दर शुक्रवारी वजन. आणि काय खाल्लं ते रोज वहीत लिहायचं."

पावडरीची चव साखर लावलेल्या खडूसारखी होती. पहिला आठवडा कचेरीत गेला आणि घरी बायकोचा पहारा होता, म्हणून मी प्रामाणिक राहिलो. दीड किलो उतरलं. डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारून काटा दाखवला, इतका त्यांना आनंद झाला.

दुसऱ्या आठवड्यात दौरा निघाला. संगमेश्वरच्या आतल्या एका गावात, सकाळी मी तिथल्या मास्तरांना चांगलं फैलावर घेतलं होतं. आंब्याच्या बागेत राखणीला गेलेली पाच मुलं त्यांनी हजर दाखवली होती. "खोटी नोंद म्हणजे चोरी," असं काहीतरी मी बोललो. मग दुपारी त्यांच्याच ओटीवर बसून पेल्यात पावडर ढवळली. मास्तरांच्या आई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"सायब, कसला अवशद घेतलाव?"

"पोटाचं आहे, आजी."

"जेवणाआधीचा का मागचा?"

आतून कुळथाच्या पिठल्याला दिलेल्या लसणीच्या फोडणीचा वास येत होता. 'जेवणाऐवजी' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता, हे मी शपथेवर सांगतो.

"आधीचं," मी म्हणालो.

"मंग वायच थांबा, वाढतंव," म्हणत त्या आत गेल्या. मी पोटभर जेवलो. वर त्यांनी आग्रहाने दोन घावनं वाढली, तीही खाल्ली. एसटीत बसल्यावर वही काढली आणि लिहिलं: दुपारी पावडर.

शिक्षकांमध्ये बातमी मोटारीच्या आधी पोचते. पुढच्या शाळेत मी पोचलो तर उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ चमचा तयार. "साहेब, औषध घ्या. पंधरा मिनिटांनी पान वाढतो," मास्तर म्हणाले. राजापूरकडे ओल्या काजूची उसळ होती. मला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. उसळ दुसऱ्यांदा घेताना तर फारच वाईट वाटलं.

दीड किलो परत आलं. वर एक चढलं.

"काका, कुठे काही चुकतंय का?" डॉक्टरांनी वही उलटसुलट पाहिली. त्या दुपारनंतरचा सगळा आठवडा एका बैठकीत, एकाच शाईने भरलेला. असा हजेरीपट माझ्यापुढे आला असता तर मी पाच मिनिटांत पकडला असता. डॉक्टरांना मात्र वहीवर अविश्वास दाखवणं सुचलंच नाही. ते काट्याचे स्क्रू तपासू लागले. माझ्याने बघवेना, म्हणून मी म्हणालो, "खाऱ्या हवेने पावडरीचा गुण उतरला असेल."

ते वाक्य मी बोलायला नको होतं.

पुढचे तीन शुक्रवार कंपाउंडरनेच वजन घेतलं; काटा जागचा हलला नाही. चौथ्या शुक्रवारी बायकोला बरोबर बोलावलं होतं. डॉक्टर आत आले तेव्हा मी दचकलो. गाल बसलेले, पँट पट्ट्यात चुण्या घालून आवळलेली.

"बरं नाही का?" बायकोने विचारलं.

"छान आहे, काकू. पावडरीत दोष आहे का, ते पाहायला महिनाभर मीच तिच्यावर होतो. सहा किलो उतरलो. म्हणजे पावडर उत्तम आहे." त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "दोष काकांच्या ग्रंथींत असणार. मुंबईला तपासण्या कराव्या लागतील. मेचं ऑपरेशन रद्द करतो, तसं सर्जनना लिहितोय."

बायकोचा चेहरा उतरला. "हेदवीच्या गणपतीला नवस बोलते मी," ती पुटपुटली.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. मेची तारीख गेली तर तो हर्निया घेऊन मी आणखी सहा महिने खड्ड्यांतून हिंडणार होतो. आणि हा पोरगा माझ्यासाठी उपाशी राहिला होता.

"लिहू नका," मी म्हणालो. "ग्रंथी ठीक आहेत. मी जेवतो."

मग सगळं सांगितलं. गावागणिक, पदार्थागणिक. बायको मध्येच म्हणाली, "अहो, दोन घावनं? घरी मी कांदा चिरतानासुद्धा खिडकी उघडत होते, तुम्हाला वास यायला नको म्हणून!" डॉक्टरांनी पेनाला टोपण परत लावलं. मग त्यांनी विचारलं, "ओल्या काजूच्या उसळीत बटाटा घालतात का हो?"

शिक्षा त्यांनी दिली नाही, बायकोने दिली. दर सोमवारच्या शिक्षकांच्या सभेत मी उभा राहून सांगायचं, की साहेबांची पावडर हेच साहेबांचं जेवण आहे, कोणी पान वाढू नये. पहिल्या सभेत ते पाच खोट्या हजेऱ्यांवाले मास्तर पुढच्या बाकावर होते. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

दुसरी शिक्षा जास्त कडक होती. "तुमच्यापायी त्या पोराचं सहा किलो मांस गेलं. ते मी भरून देणार," असं म्हणून तिने डॉक्टरांना रोज दुपारी जेवायला बोलावलं. दौरा नसेल तेव्हा मी त्यांच्या समोर पाटावर बसून पेला ढवळायचो. ते संकोचून म्हणायचे, "काकू, पुरे," आणि ती तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी आणखी एक पळी वाढायची. माझ्याकडे न बघता.

मेपर्यंत साडेनऊ किलो उतरलं. उरलेल्या अर्ध्या किलोकडे सर्जननी काणाडोळा केला. ऑपरेशन नीट पार पडलं, टाके टिकले. डॉक्टर बघायला आले तेव्हा खुर्चीत बसताना त्यांनी पँटचं वरचं बटण हळूच सोडलं. सहाच्या जागी अकरा किलो भरून आलं होतं. तेही माझ्याच खात्यावर.