दुसऱ्यांच्या बाळांसाठी

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात लोकरीला बंदी होती. सरसकट नव्हे. पाच वर्षांच्या पुढच्या मुलांचे स्वेटर विणायला मुभा होती, पण त्याहून लहान मापाचं काही घरात दिसता कामा नये, असा नियम होता. नियम मीच केला होता आणि डोळ्यांत तेल घालून मीच पाळत होते, कारण मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

आम्ही पाच-सहा जणी दर बुधवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये विणायला बसतो. बहुतेक जणी निवृत्त, सगळ्या जणी बोलक्या. कात्रजच्या पुढे डोंगराच्या अंगाला मोठमोठ्या इमारती उठताहेत. त्या बांधणाऱ्या मजुरांची पत्र्याची वस्ती तिथेच आहे, आणि वस्तीतल्या मुलांसाठी एक बालवाडी आहे. आमचं सगळं विणकाम तिकडे जातं. पुण्यात कसली आली आहे थंडी, असं मुंबईचे पाहुणे विचारतात. त्यांना एकदा डिसेंबरातल्या सकाळी त्या पत्र्याखाली नेऊन बसवायचं माझ्या फार मनात आहे.

तर त्या वर्षी बालवाडीच्या ताईंनी सांगितलं की वस्तीत तान्ही मुलं बरीच आहेत, टोप्या हव्यात. बाकीच्या जणींनी लगेच टोप्या घेतल्या. मी मात्र आठ वर्षांच्या मुलाचा स्वेटर सुयांवर चढवला. तो झाला की दहा वर्षांच्या मुलाचा.

"तुमच्याकडे यंदा फक्त पैलवान का?" एकीने विचारलं.

"डोळे दुखतात, बारीक काम होत नाही," मी म्हटलं. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीने मान खाली घालून टाके मोजायला घेतले. तिला कारण माहीत होतं. माझ्याकडची लहान मापाची सगळी लोकर मीच तिच्या कपाटात नेऊन ठेवली होती.

कारण असं. दोन वर्षांपूर्वी मुलीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी हरखून गेले होते. पाचव्या महिन्यातच झबलं, टोपी, मोजे, सगळा फिकट पिवळा संच विणून तयार केला आणि येईल त्याला दाखवत सुटले. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. भेटायला माझी नणंद आली. चहा पिता पिता म्हणाली, "वहिनी, तुम्ही आधीच विणायला घेतलं होतंत ना?" एवढंच. चहा संपवून गेली. मुलगी शेजारच्या खोलीत पडलेली होती, आणि आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत.

त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं म्हणून कधी थांबले नाही, अमावास्येला गाडी घेतली. विणकामाच्या सुईने पोटातल्या बाळाचं काही बिघडत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण दुसऱ्यांदा मुलीने बातमी सांगितली तेव्हा मी फोन ठेवला, उठले आणि लहान मापाची लोकर पिशव्यांत भरायला लागले. विज्ञान एका बाजूला राहिलं. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

बाळाचं काहीही आधी आणायचं नाही, असं ठरलं. ना दुपटं, ना लंगोट, ना टोपी. जावई आयटीत आहे, त्याला प्रत्येक गोष्टीची तयारी आधी लागते. "आई, अॅटलीस्ट एक हॉस्पिटल बॅग तरी?" तो विचारायचा. मी त्याच्याकडे अशी बघायचे की तो विषय बदलायचा. मुलगी दिवसभर खिडकीशी बसलेली असायची, पोटावर तळहात ठेवून. मधेच चेहरा ताठ व्हायचा, मग आत हालचाल जाणवली की सैल पडायचा. मी स्वयंपाकघरातून बघत असायचे आणि तिच्याबरोबर माझाही श्वास अडकायचा नि सुटायचा. आम्हा दोघींना एकच गोष्ट हवी होती आणि आम्ही दोघीही तिचं नाव काढत नव्हतो.

एका दुपारी ती म्हणाली, "आई, तू हल्ली लहान काही विणत नाहीस."

"डोळे..." मी सुरुवात केली.

"डोळ्यांचं राहू दे. मला शिकव."

शाळेत असताना या मुलीने माझ्या सुया पतंगाचा मांजा गुंडाळायला वापरल्या होत्या. मी म्हटलं, "आता कशाला? आराम कर."

"आरामच करतेय. डोक्यात नको ते येतं. हाताला काहीतरी दे." मग जरा थांबून म्हणाली, "दुसऱ्याच्या बाळासाठी चालेल ना? तुमच्या त्या वस्तीतल्या?"

चालेल की नाही, हे कोणाला विचारायचं? अशा गोष्टींचं शास्त्र सांगणारं माणूस म्हणजे नणंद, आणि तिला मी मेले तरी विचारलं नसतं. मी खाली गेले आणि मैत्रिणीच्या कपाटातून पिवळी सोडून मिळेल ती लोकर घेऊन आले. निळी होती.

मुलीचा हात भयंकर सैल. टाके गळायचे, मधे भोकं पडायची. एरवी बुधवारी कोणी असलं काम आणलं की मी सरळ उसवायला लावते. इथे मी निमूट बसून गळलेले टाके उचलून द्यायचे. ती जीभ दातांत धरून विणायची, आणि आत लाथ बसली की सुई थांबवून हसायची. त्या महिन्यात ती पहिल्यांदाच हसताना दिसली. टोपी झाली तेव्हा तिचा आकार टोपीपेक्षा चहाच्या किटलीवरच्या झाकणीसारखा झाला होता, पण मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"कोणाला मिळाली ते सांग हं," तिने बजावलं.

म्हणून बालवाडीच्या ताईंच्या हाती न देता मी स्वतःच ती टोपी घेऊन वस्तीत गेले. ताईंनी एका बाईकडे नेलं. मराठवाड्याकडची, तिशीच्या आतली, मांडीवर दोन महिन्यांचं बाळ. तिने टोपी त्याच्या डोक्यावर ओढली. सैल हातामुळे ती छान कानांखालपर्यंत आली. बाळाने तोंड वाकडं केलं आणि परत झोपी गेलं.

"कुनी इनली हो बाई?" तिने विचारलं.

"माझ्या मुलीनं."

"तिचं लेकरू केवढं हाय?"

"अजून व्हायचंय."

"पहिलंच का?"

हो म्हणून सुटता आलं असतं. पण मी म्हटलं, "एक गेलं."

तिने च्च केलं नाही, की देवाची इच्छा वगैरे म्हणाली नाही. "मंग तिच्या लेकराला नवं नका घालू," ती म्हणाली. "वापरलेलं घाला. जगल्या लेकराचं."

हे मलाही ठाऊक होतं. आमच्याकडेही बारशापर्यंत बाळाला नवं घालत नाहीत, कोणाच्या तरी चांगल्या वाढलेल्या मुलाचं जुनं मऊ झबलं मागून आणतात. पण मागायचं म्हणजे आधी तोंडाने बोलायचं, आणि तेच तर मी टाळत होते. ती उठली, कोपऱ्यातल्या गाठोड्यातून एक टोपी काढली. कधीकाळी लाल असावी. धुऊन धुऊन तिचा रंग विटक्या गाजरासारखा झाला होता आणि लोकर अगदी मऊ पडली होती.

"ही थोरलीची, मंग मधल्याची. दोघं बी ठनठनीत हायेत, बाहेर मातीत लोळत असतील बघा. न्या." मी हात पुढे केला तर तिने टोपी अर्ध्यावर धरून ठेवली. "पर परत द्या बाई. शेजारणीला होळीच्या वक्ताला व्हायचंय. तिला बोलून ठेवलंय मी."

ती टोपी कोणाच्या हातची, ते मी वळवून बघितलं. माझी नव्हती. माझ्या टोपीची कड दुहेरी असते. आमच्यापैकी कोणाची होती की आणखी कुठून आली होती, देव जाणे. होळीच्या आत मी ती धुऊन परत नेऊन दिली, हे इथेच सांगून टाकते. लोकांच्या वस्तू ठेवून घेणारी मी नाही.

आता ही टोपी ठेवायची कुठे? घरात आणणं शक्य नव्हतं. मैत्रिणीकडे कढत पाण्यात धुतली, तिच्या गॅलरीत वाळवली. ती म्हणाली, "माझ्या घराला आता पाळणा तेवढा टांगायचा राहिलाय." मग मी स्वच्छ पिशवीत घालून ती स्कूटरच्या डिकीत ठेवली. डिकी म्हणजे घर नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. वर मुलीला फक्त एवढंच सांगितलं की टोपी एका दोन महिन्यांच्या मुलाला मिळाली आणि बरोबर बसली. तिने मला तीनतीनदा विचारलं, खरंच बसली का.

तारखेला अजून बरेच दिवस होते तेव्हा एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. ती आणि जावई गाडीने पुढे गेले. मला त्या गाडीत बसून दोघांचे चेहरे बघायचे नव्हते, म्हणून मी स्कूटरवर मागून गेले. दवाखान्याच्या बाकावर मी काय विचार करत होते ते मला आठवत नाही. समोरच्या भिंतीवर आहाराचा तक्ता होता. तो मी वाचत होते, पालेभाज्या, कडधान्यं, पुन्हा पालेभाज्या. दुपारी आतून रडण्याचा आवाज आला. चिडलेला, कर्कश, मुळीच गोड नसलेला आवाज. जावई उभा राहिला आणि परत खाली बसला. मी ढसाढसा रडले. एवढ्या मोठ्याने मी माझ्या आईच्या वेळीही रडले नव्हते.

मुलगी झाली होती. जराशी लहान, पण चांगली. थोडा वेळ उबेच्या पेटीत ठेवून बाहेर देणार होते. सिस्टर दारात आल्या. "बाळाचे कपडे द्या. टोपी आधी."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"काहीच आणलं नाहीत?" सिस्टर म्हणाल्या. "एवढे महिने काय करत होतात?"

"आई, दहा मिनिटांत ऑर्डर येते," जावयाने मोबाइल काढला.

"दहा मिनिटांत नवं येईल," मी म्हटलं. "जुनं कुठून येणार?" त्याला काही कळलं नाही. मी त्याला तसंच सोडून पार्किंगमध्ये पळाले. माझ्या गुडघ्यांच्या मानाने पळाले म्हणजे पळालेच.

विटक्या गाजराच्या रंगाची ती टोपी बघून सिस्टरांच्या भुवया वर गेल्या. "उकळत्या पाण्यात धुतली आहे," मी म्हटलं, "आणि दोन मुलांनी वापरलेली आहे. दोघं ठणठणीत आहेत." त्यांनी टोपी नाकाशी नेली, पिशवीत बघितलं आणि आत घेऊन गेल्या. दुपटं त्यांनी त्यांच्याकडचंच दिलं.

संध्याकाळी नात मुलीच्या कुशीत आणून ठेवली. टोपी भुवयांपर्यंत आलेली, खाली वाटाण्याएवढं नाक. जावई फोनवर सगळ्यांना सांगायला बाहेर गेला होता. मुलगी दमून डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

"आई," ती डोळे न उघडता म्हणाली, "पाय गरम आहेत का बघ ना."

दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यांनी जे माझ्या हातात दिलं होतं, त्याचं पाऊल मी कापडात हात घालून एकदा धरलं होतं. गार होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. मला वाटत होतं, ते फक्त मला माहीत आहे. तिनेही तेच केलं होतं तर. आणि तिनेही कोणाला सांगितलं नव्हतं.

मी दुपट्याच्या घडीत हात घातला. अंगठ्याएवढं पाऊल हाताला लागलं. त्याने मला लाथ मारली.

"गरम आहे," मी म्हटलं. "हात लाव, तूच बघ. गरम आहे गं."