शिंगातलं कडं

बयनाबाईची वांगी वांकिडीच्या बाजारात सगळ्यांच्या आधी संपत, आणि तिच्याशी उकरून काढलेलं भांडण सगळ्यांच्या शेवटी. कुणी वांगं दाबून दाबून पाहू लागलं की ती म्हणे, "सोयरीक जमवून राह्यला का बापू? घ्याचं त घे, नाई त ठेव खाली." गिऱ्हाईक तेलुगू बोलणारं असो की उर्दू, झापायला ती मराठीच वापरी आणि ते सगळ्यांना बरोबर समजे. लोक म्हणत, बाई डूख धरते. ते खोटं नव्हतं. ती स्वतःच सांगायची, "देवानं मले डोकं दिलं एवढंसं. त्यात लोकाईचे उपकार मावत नाईत, अपमान तेवढे राह्यते."

नवरा महिपत अगदी उलटा. पहिलवान गडी, दंड असे की सदऱ्याच्या बाह्या उसवायच्या, पण राग म्हणून नाही. कुणी बांध कोरला, कुणी पाणी तोडलं, की याचं एकच, "जाऊ दे बयने." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, गावात कुस्त्यांची दंगल भरायची. एका वर्षी त्यानं मंचेरियलकडून आलेला, गावातल्या कुणालाही न आवरलेला मल्ल चीत केला आणि तालमीनं त्याला चांदीचं कडं दिलं. ते तो पोळ्यापुरतं हातात घाली. एरवी कडं तालमीत मारुतीच्या तसबिरीखाली खुंटीला टांगलेलं. "तालमीनं देल्लं, तालमीत राहू दे," म्हणायचा. भोळ्या माणसाच्या चुका या अशा असतात. तो कावीळ होऊन गेला, आणि कडं खुंटीलाच राहिलं.

चौऱ्याऐंशी साली शाळेला खोली बांधायचं निघालं. कमिटीचे मुख्य चंपतराव. कापसाचे व्यापारी, अंगात पांढरंशुभ्र, डोक्यावर टोपी, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांनी तोड काढली की तालमीतल्या जुन्या पहिलवानांच्या वस्तूंची हर्रास करू. लिलावाला आमच्याकडे निजामाच्या काळापासून हर्रासच म्हणतात. कुणाचा जिंकलेला फेटा, कुणाची ढाल, आणि महिपतचं कडं.

बयनाबाई त्यांच्या ओट्याशी गेली. "मालक, ते कडं त्याईच्या हातातलं हाय. मले देऊन द्या."

"अवं बयना, ते आता तालमीचं झालं," चंपतराव म्हणाले. "शाळेचं काम हाय. हर्राशीत बोल अन् घेऊन जा. पुण्य लागंल."

तिला ते पटलं. तिनं दारची शेळी विकली.

आता गावची रीत सांगायला हवी. हर्रास दर करीला मारुतीच्या पारावर होते. ज्याला बोलायचं त्यानं आधी मारुतीचा शेंदूर कपाळाला लावायचा, कारण शेंदूर लावून बोललेली बोली मागे घेता येत नाही. शेवटची बोली ज्याची, त्यानं दिवस मावळायच्या आत पैसे भरायचे. नाही भरले, तर त्याच्या दावणीचा बैल पोळ्याच्या साजासकट पाराशी आणून बांधायचा आणि लगेच त्याची हर्रास करायची. करीच्या दिवशी कुणी बैलांचा साज उतरवत नाही, तो त्यासाठीच म्हणतात. असं घडलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. शेंदराचा धाकच तेवढा होता.

कडं निघालं आणि तालमीचे वस्ताद मारोतराव यांनी बोली पुकारली. बयनाबाई बोलली की पलीकडून भिवाजी बोले. भिवाजी हा चंपतरावांचा साळा. अंगानं काडी, कुस्तीशी संबंध एवढाच की दंगलीत भजी खायचा. बयनाबाई चढत गेली. शेळीचे पैसे संपले, वांग्यांचे संपले, गाठीला होतं नव्हतं ते सगळं बोलून झालं. एक शब्द अजून निघाला असता तर तो उधारीचा झाला असता. ती थांबली. भिवाजी वर बोलला आणि कडं त्याचं झालं.

ती घरी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःलाच समजावलं, जाऊ दे बयने.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण भिवाजीचं तोंड म्हणजे गळकी मोट. पुढे बाजारात तो वांगी घ्यायला आला आणि दात काढत म्हणाला, "वहिनी, तू आखीन एक डाव बोलली असती त कडं तुलेच भेटलं असतं. मले काय करायचं त्याचं? भाऊजीनं टोपी हालवली की आपून बोलायचं, मिशीले हात लावला की गप बसायचं, असं ठरलेलं होतं. लोकाईच्या बोल्या वर चढाव्या म्हणून. त्या दिवशी उकाडा लय होता. भाऊजीनं घाम पुसाले टोपी हालवली अन् माह्या तोंडून निसटलं!"

"मंग पैसे कोणं देल्ले?"

"पैसे कायचे? भाऊजीनं वस्तादाले सांगतलं, आले म्हणून. झालं."

"त कडं मले आणून दे, भिवाजी. मी पैसे भरीन, शाळेले जाऊ दे."

"भाऊजी नाई म्हणते. आता वापस केलं त लोक पुसतील न."

आणि पुढचा पोळा आला. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, वाजंत्री लागली, आणि बयनाबाईला दिसलं की भिवाजीच्या पांढऱ्या बैलाच्या उजव्या शिंगात महिपतचं कडं आहे. भिवाजीच्या मनगटातून ते गळून पडे, म्हणून त्यानं लाख ओतून, ठोकून ते शिंगात बसवलं होतं. लोक म्हणाले, काय साज आहे! ज्या हातानं मंचेरियलचा मल्ल उचलून टाकला, त्या हातातलं कडं बैल शेपटी हलवत मिरवत होता. तिच्या आत जे पेटलं ते मग सहा वर्षं विझलं नाही. ती कुणाजवळ बोलली नाही, रडली तर मुळीच नाही. ती फक्त दर हर्राशीला पाराजवळ जाऊन बसू लागली आणि हर्राशीऐवजी चंपतरावांची टोपी पाहू लागली. टोपी हलली की भिवाजी बोले, मिशीला हात गेला की गप्प. शाळेच्या नावानं भोळीभाबडी माणसं चढ्या भावानं फेटे आणि ढाली घरी नेत. बाईचं शिक्षण चाललं होतं.

एक्याण्णव साली चंपतरावांना आणखी मोठं व्हायची हुक्की आली. शाळेच्या दुसऱ्या खोलीसाठी त्यांनी आपल्या वडिलांची, भगवानराव पहिलवानांची, गदा हर्राशीत ठेवली. गाव थक्क झालं. वडिलांची गदा देणारा माणूस म्हणजे केवढा! बयनाबाईनंही भर बाजारात त्यांची स्तुती केली, तेव्हा खरं तर ऐकणाऱ्यांनी सावध व्हायला हवं होतं. तिनं ताडलं होतं की गदा घरची घरी परत जाणार. भिवाजी बोलणार, पैसे 'आले' होणार, आणि नाव तेवढं गावभर होणार. म्हणजे या खेपेला भिवाजीला थांबता येणार नव्हतं.

करीच्या दिवशी ती उठून मारुतीपुढे गेली आणि कपाळभर शेंदूर लावून घेतला. बायका हसल्या. बाईमाणसाला गदा कशाला हवी?

"वांगे राखाले," ती म्हणाली.

वस्तादांनी पुकारलं. हजारापर्यंत दोघंचौघं होते, मग ते गळाले. राहिले बयनाबाई आणि भिवाजी. ती बोले, भिवाजी टोपीकडे पाही, टोपी हले. तिच्या पदराला सात वर्षांच्या वांग्यांचे पैसे बांधलेले होते, पण बोली कधीच त्यांच्या पुढे गेली होती. हे इथं लपवण्यात अर्थ नाही, आता तिचीही बोली खोटीच होती, शेंदूर लावून खोटी. तिनं मारुतीला मनात सांगितलं, माह्या हिशेबाचं मंग पाहू, आधी याईचं होऊ दे. चंपतरावांना तर मजा येत होती. फुकटची बोली चढत होती, तेवढं वडिलांचं नाव चढत होतं. भिवाजी बोलला, "चार हजार!"

बयनाबाई खाली बसली.

"एक डाव... दोन डाव... तीन डाव!" टाळ्या पडल्या. चंपतराव हात जोडून उठले.

"वस्ताद," बयनाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मी गरीब बाई. चार हजार रुपये एका जागी कधी पाह्यले नाईत. पारावर मोजा जी. डोळे भरून पाहू द्या."

लोक हसले आणि लगेच लोकांनाही वाटलं की खरंच, पाहू या. वस्ताद मारोतराव म्हातारे, सरळ माणूस. त्यांनी उपरणं पसरलं. "आण भिवाजी. दिवस मावळाले वेळ हाय."

भिवाजीनं चंपतरावांकडे पाहिलं. चंपतरावांनी देवळाच्या कळसाकडे. तिथं काही नवीन नव्हतं.

"भाऊजी, सांगा न कायतरी."

"मी काय सांगू? बोलला तू, देशील तू."

पैसे त्यांच्या घरात होते. पण साळ्याच्या बोलीचे चार हजार त्यांनी काढले असते, तर ही बोली कुणाची होती ते न विचारता कळलं असतं. म्हणून त्यांनी साळा सोडला. बयनाबाईला हेच हवं होतं. भिवाजीच्या चेहऱ्याचा आधी रंग गेला, मग त्याचा तोल गेला.

"मी बोललो? टोपी कोणं हालवली? दर सालाले टोपी तुमी हालवता अन् बोलतो मी! मायावालं काय हाय त्या गदेत? बाप तुमचा होता का माहा?"

 वस्तादांनी अगदी हळू विचारलं, "मंग महिपतच्या कड्याचे पैसे?"

"कायचे पैसे!" भिवाजी ओरडला.

वस्तादांनी उपरण्याची घडी घातली आणि चंपतरावांकडे न पाहता दोन गड्यांना म्हणाले, "भिवाजीचा पांढरा बैल घेऊन या. साज उतरवू नका."

बैलाची हर्रास पुकारली तेव्हा कपाळाला शेंदूर लावायला कुणी पुढे येईना. टोपी चंपतरावांच्या हातात होती आणि तीही हलत नव्हती. बयनाबाईनं पदराची गाठ सोडली, सगळे पैसे पारावर मोजले आणि बैलाचा कासरा हातात घेतला. या खेपेची बोली खरी होती. गदा कुणालाच मिळाली नाही. ती देवळात मारुतीच्या पायाशी ठेवली गेली, आणि चंपतरावांना वडिलांची गदा पाहायला चार लोकांदेखत पायताण काढून आत जावं लागे. ते फारसे गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भिवाजी कानस घेऊन आला. "वहिनी, कडं मी बसवलं, मीच काढून देतो."

"हात लावू नको," ती म्हणाली. "तू बसवलं तिथंच राह्यते."

त्या बैलाला तिनं छकडा जोडला आणि वांगी बाजाराला नेऊ लागली. वांकिडीची वाट चंपतरावांच्या ओट्यावरूनच जाते. बैलाचं नाव तिनं ठेवलं चंपत. ओट्यापाशी आलं की कासरा ढिला करून ती मोठ्यानं म्हणे, "चल रे चंपत, लाजतं काऊन?" शिंगातलं कडं उन्हात चमके. गावात नव्यानं आलेला माणूस हटकून विचारी, बैलाच्या शिंगात चांदीचं कडं कसं? आणि दर वेळी कुणीतरी ती गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगे.

असं चार वर्षं चाललं. मग एका बाजारच्या दिवशी चंपतराव स्वतःच तिच्या दारात आले. थकले होते, बरोबर सोनार होता.

"बयना, मी हात जोडतो. ते कडं काढून घे. तुह्या महिपतचं हाय, देवापाशी ठेव. तो असता त त्यानं मले कवाचंच माफ केलं असतं."

महिपतचं नाव निघालं आणि बयनाबाईचा हात शेजारी उभ्या बैलाच्या शिंगाकडे गेला. चांदीवर बोटं टेकली. इतक्या वर्षांत तिनं ते कडं पुसलंही नव्हतं. जाऊ दे बयने, तिला अगदी कानाशी ऐकू आलं. तिचे डोळे भरले, हे सोनारानंच नंतर सांगितलं.

मग तिनं हात मागे घेतला.

"खरं हाय तुमचं," ती म्हणाली. "त्यानं माफ केलं असतं. म्हणूनच त आज तुमाले तो आठवला. मी महिपत नाई, मालक."

आणि तिनं छकडा जुंपला. "चल रे चंपत. वांगे सुकून राह्यले."