एका मुलीचा वर्ग

त्या दिवशी आक्काची छाती सकाळपासून जड होती. मी म्हटलं, आज जाऊ नकोस, शाळेत फोन करून सांग. तर चप्पल घालता घालता म्हणते कशी, "मी नाही गेले तर वर्गाचं काय?"

"वर्ग म्हणजे ती एक पोरगी ना गं?"

"मग? ती एकटीच बसून राहील ना."

आणि गेली. शाळेचा जिना चढताना मध्येच खाली बसली, ती बसलीच. शिपाई पाणी आणायला धावला, तो येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. वरती वर्गात ती पोरगी पुस्तक उघडून वाट बघत होती, तिला कुणी काही सांगितलंच नाही. घंटा झाल्यावर बाहेर आली तेव्हा कळलं तिला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना राज्यशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही. माझा नवरा गेला तेव्हा मी तिच्याकडेच राहायला आले, खिडकीपाशी शिलाई मशीन टाकलं. लोकांचे कपडे उसवून घट्ट करायचे, सैल करायचे, एवढं मला येतं. तिचं राज्यशास्त्र काही मला कधी कळलं नाही.

तिची एक खोड होती. काही ठरवायचं झालं की मतदान. वर्गात खिडकी उघडायची की बंद ठेवायची, त्यालासुद्धा चिठ्ठ्या, त्यालासुद्धा डबा. आणि जो हरेल त्यानं आधी बोलायचं, जिंकलेल्यांनी गप बसून ऐकायचं. घरीही तेच. भिंतीला रंग कोणता द्यायचा यावर आम्हा दोघींचं मतदान झालं, तिचं एक मत, माझं एक. भिंत अजून तशीच आहे.

मग या पोरांच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला शाळेत कॉम्प्युटरचा विषय आला. मोठे सर म्हणाले, ज्याला राज्यशास्त्र सोडून तिकडे जायचंय त्यानं जावं. दुसरी कुणी असती तर पोरांना गोंजारलं असतं, दम दिला असता. हिनं काय करावं? मतदान घेतलं. विषय ठेवायचा की सोडायचा. तेही गुप्त.

संध्याकाळी मला सांगितलं तेव्हा मी कात्री खाली ठेवली.

"तू त्यांना काही बोललीस का? थांबा रे बाबांनो, एवढं तरी?"

"मी कशी बोलणार, चिमे? मी मतदान घेणारी."

"अगं, तुझं पोट चालतं त्याच्यावर!"

"म्हणून तर बोलायचं नाही."

कपाळाला हात लावला मी. डब्यात विषय ठेवायची एकच चिठ्ठी निघाली. बाकी सगळे गेले. ते एक मत कुणाचं हे विचारायचीही सोय नाही, गुप्त ना. दुसऱ्या दिवशी ही रिकाम्या वर्गात जाऊन बसली, कोण येतंय ते बघत.

आली कोण, तर पेंगुळी. पोरांनीच ठेवलेलं नाव. बापाची बेकरी, पहाटेपासून भट्टीपाशी उभी राहून ही शाळेत यायची आणि मागच्या बाकावर डुलक्या घ्यायची. आक्का घरी येऊन म्हणाली, "मला वाटायचं ती झोपलीय. ती ऐकत होती गं."

मोठ्या सरांनी बजावलं, ही एक जरी परीक्षेला बसली तरी पुढच्या वर्षी विषय ठेवतो, नाहीतर बंद. झालं. आक्काचा जीव त्या पोरीच्या पेपरात अडकला. वर्गात वादविवाद घ्यायचा तर समोर बसायला कुणी नाही, मग आक्काच समोरच्या बाकावर बसून तिच्याशी भांडायची. बाकीचे मास्तर विचारायचे, "काय बाई, आज गर्दी आवरली का?" ती हसायची. घरी आली की मात्र खुर्चीत नुसती बसून असायची. एकदा म्हणाली, "रिकाम्या बाकांची सवय होत नाही बघ."

आता मला रिकाम्या खुर्चीची होत नाही. बातम्या लागल्या की ती रेडिओशी हुज्जत घालायची, मी ओरडायचे, अगं त्याला ऐकू जात नाही. आता बातम्या लागतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. मग मी मशीन जोरात चालवते.

आक्का गेल्यावर थोड्या दिवसांनी पेंगुळी दारात आली. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच उभी.

"मोठे सर म्हणतात बाई नाहीत, विषय बदल. घरचेही तेच म्हणतात."

"तू काय म्हणतेस?"

"मला एकटीला जमेल का, माहीत नाही."

मला काय कळतंय त्यातलं? पण बोलले. "सोडू नकोस गं. माझ्याकडे बघून तरी सोडू नकोस."

ती म्हणाली, "बाई असं कधीच बोलल्या नसत्या."

"बाई नव्हत्या बोलत. मी बोलते. मी काय शिक्षिका आहे?"

ती जरा हसली, का मला तसं वाटलं. पाणी प्यायली, भांडं स्वतःच धुऊन ठेवलं आणि गेली. ना हो म्हणाली, ना नाही. नंतर कुणाकडून काही कळलं नाही, आणि विचारायला शाळेत जायचा मला धीर झाला नाही. तो जिना आहे ना तिथे.

काल शिपाई आला, पॅन्ट कमरेत सैल करून घ्यायला. मी माप घेत होते तर म्हणाला, "ताई, आज तुमच्या बाईंच्या विषयाचा पेपर झाला."

मी टेप तशीच धरून उभी.

"कुणी होतं?"

"ती बेकरीवाल्याची. एवढ्या मोठ्या खोलीत एकटी. पर्यवेक्षक जांभया देऊन दमले, पण ती काही उठेना. पुरवणी मागितली. ती भरली, मग अजून एक मागितली. मीच नेऊन दिली की."

मी म्हटलं, "पॅन्ट उद्या घेऊन जा. आज हात चालायचा नाही."