हातातली वाट

नोनूती बेटावर कुणी वारलं की कैतिराला बोलावणं यायचं. काथ्याची दोरी बोटांवर चढवून ती मयताच्या उशाशी बसायची आणि त्या दोरीतून एकामागून एक आकृत्या काढायची. घर, मग मासा, शेवटी होडी. मेलेल्यांची वाट पश्चिमेला जाते; जिवाला पुढे सोडण्याआधी त्या वाटेवरचा म्हातारा याच आकृत्या मागतो, म्हणून त्या इथल्या माणसाने करून द्यायच्या. एक चुकली तरी जीव वाटेत अडकतो. पाद्रीबाबा या प्रकाराला नाक मुरडायचे, पण स्वतःची बायको गेली तेव्हा तेही गुपचूप तिला बोलवायला आले.

नवरा ब्वेरेया समोर बसून टिंगल करायचा. "चालला हिचा पोरखेळ!"

"मेल्या, तुझ्या वेळी मुद्दाम गाठ मारीन बघ!" ती म्हणायची. 'मेल्या' ही तिची लाडाची हाक.

आता तो खरंच गेला होता, आणि कैतिराचा उजवा हात गेल्या वर्षीच्या झटक्याने लुळा पडलेला.

"तू नुसतं सांग, आई. हात माझे," लेक रुतिआना म्हणाली.

कैतिरा सांगायला गेली, पण कुठलं बोट कुठल्या फासातून काढायचं, काही केल्या आठवेना. जन्मभर केलेलं ते कधी डोक्यात नव्हतंच. हात निजला तसं तेही निजलं होतं. ऊन कलत होतं आणि ब्वेरेया वाटेवर ताटकळत होता.

तिने दोरी आपल्या डाव्या हातावर चढवली आणि तिची दुसरी बाजू ब्वेरेयाच्या उजव्या हातावर.

"आई, हे काय भलतंच!"

"गप गं. आयुष्यभर समोर बसून बघितलंय त्याने."

तिचं बोट हललं, आणि पुढचं आपोआप सुचत गेलं. घर झालं. मासा झाला. समोरची बोटं गार होती, पण फास वेळेवर धरत होती, वेळेवर सोडत होती. रुतिआना खांबाला चिकटून उभी राहिली.

होडी झाली. आता दोरी उतरवायची. पण त्याची बोटं मिटली आणि दोरी ओढली गेली.

"सोड ना," कैतिरा म्हणाली. क्षणभर तिला वाटलं, जावं याच्याबरोबर. मग तिने हळूच आपला हात काढून घेतला. दोरी तशीच त्याच्या मुठीत, त्याच्याबरोबर पुरली.

पुढे शेजारची म्हातारी वारली. नवी दोरी आली. कैतिराने ती डाव्या हातावर चढवली, दुसरी बाजू रुतिआनाने धरली, पण कैतिराची बोटं परक्यासारखी पडून राहिली. एकही आकृती येईना. दोरी तिने खाली ठेवली, तरी बोटांवरचा ताण जाईना. रिकामा हात पश्चिमेकडे खेचला जात होता.

"काय झालं, आई?"

कैतिराला हसू आलं, आणि रडूही.

"मेला," ती म्हणाली, "अजून ओढतोय."