दोन प्लेटांचा क्लच

पन्नाशीत हौसेनं मी गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली आणि तिचा साधा क्लच घसरायला लागला. मानकोलीच्या ज्या गॅरेजवाल्याकडे गाडी नेली, त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो आधी हात पुसायचा, मग विचार करायचा, मग पुन्हा हात पुसायचा.

"एका प्लेटचा टिकणार न्हाय. दोन प्लेटांचा टाका. पण पेडल जड हाय," म्हणत त्यानं तसा क्लच बसवलेल्या दुसऱ्या एका गाडीत मला बसवलं. "वीस वेळा दाबा. नाक्यावरच्या ट्रॅफिकला एवढं दाबायला लागतं."

बाराव्या खेपेला माझा गुडघा थरथरला. अब्रू वाचवायला मी म्हणालो, "मला चालेल हो, पण गाडी बायकोही चालवते. तिला झेपणार नाही."

"मग वहिनींना आणा."

दुसऱ्या दिवशी तिनं वीस वेळा दाबलं आणि वर विचारलं, "एवढंच?"

तो माझ्या गुडघ्याकडे बघत म्हणाला, "शेठ, क्लच ठरला. आता डायवर ठरवा."

हल्ली नाक्यावर गाडी तीच चालवते, मी शेजारी बसतो. मुळात ही हौस नेमकी कुणाची होती, हेच मला कळेनासं झालंय.