निर्मळचं पूल टेबल आणि माझी पारख

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागे हे ऐकताना आमच्या शेजाऱ्यांनी सोफ्यावर कप उपडा केला होता. सोफाही सेकंडहँडच आहे म्हणा, त्यामुळे डाग त्यांचा की आधीच्या मालकाचा, हे आता सांगता येत नाही.

तर जुन्या वस्तूंची मला फार पारख. म्हणजे असं मी समजायचो. आमच्या हेमाला विचाराल तर ती बाल्कनीकडे बोट दाखवेल. तिथे दार न लागणारा फ्रिज आहे आणि त्याच्यावर टेकून उभी असलेली एक ट्रेडमिल, जी माझ्या घरात एक पाऊलही चाललेली नाही. त्यानंतर हेमानं निक्षून सांगितलं होतं, की आणखी एक खरेदी फसली, तर यापुढे बाजारातून कोथिंबीरसुद्धा तुम्ही आणायची नाही. आता सांगा, पन्नाशीच्या माणसाला ही धमकी?

आणि नेमकी मला पूल टेबलाची हुक्की आली. माणिकपूरला आमचा तळमजल्याचा फ्लॅट, मागची जागा पत्रे टाकून बंद केलेली. तिथे टेबल सहज मावतं. निर्मळ गावच्या एका गृहस्थांनी नेटवर जाहिरात टाकली होती, घरगुती टेबल, आत अस्सल दगड. फोनवर ते मला दर वाक्याला साहेब म्हणत होते. रविवारी अकराला या, तळ्याच्या पुढे, केळीच्या वाडीला लागून घर आहे, असं ठरलं.

पंधरा दिवस मी व्हिडिओ पाहिले. कापडाखाली दगड आहे की प्लायवूड, ते बघा. कडेच्या रबरावर बॉल मारा, किती वेळा परत येतो ते मोजा. टेबल समतल आहे का तपासा. आणि सगळ्यात मोलाचा सल्ला असा, की ठरल्या वेळेच्या आधीच जाऊन धडका, म्हणजे मालकाला झाकपाक करायला वेळ मिळत नाही.

इथेच माझा घात झाला.

साडेनऊलाच माझी स्कूटर निर्मळात. फोन केला तर मालक सावध होईल, म्हणून नाक्यावर गजरे करत बसलेल्या बाईला विचारलं, पूल टेबल असलेलं घर कुठलं? तिनं मान वर न करता गल्ली दाखवली. गल्लीत केळीची वाडी होती, वाडीला लागून घर होतं. आणखी काय हवं?

फाटकाशी मालक उभेच होते. मिंगेलकाका. हाफ पँट, खांद्यावर टॉवेल. मी म्हटलं, टेबल बघायला आलोय. "ये, ये, कधीची वाट बघतोय तुझी," म्हणाले. फोनवरचं साहेब गेलं आणि एकदम अरे-तुरे आलं, पण मला वाटलं, माणूस समोर आला की आपुलकी वाढते.

मी कामाला लागलो. रबरावर बॉल मारला, तो तिथेच मेल्यासारखा पडला. मी म्हटलं, रबर कडक झालंय. काका म्हणाले, बरोबर. मी म्हटलं, कापड सैल पडलंय. काका म्हणाले, ते पण बघ. मी एकेक खोट काढत होतो आणि ते खूश होत होते. इतका प्रामाणिक विकणारा मी जन्मात पाहिला नव्हता. त्यांची बायको, मावशी, बाहेर आल्या होत्या; काका त्यांच्याशी आपल्या बोलीत काहीतरी बोलले. मला एवढंच कळलं, की माझं कौतुक चाललंय.

मग मी मोबाईल टेबलावर आडवा ठेवून लेव्हल पाहिली. टेबल एका अंगाला झुकलेलं! दोष जमिनीचा की टेबलाचा, हे कळायला हवं म्हणून मी, काका आणि मावशी असे तिघांनी पाय उचलून खाली फरशीचा तुकडा सरकवला. मोबाईल फिरवून ठेवला, तर आता दुसरीच बाजू झुकलेली. तिथेही तुकडा. बिचाऱ्या मावशींची कंबर आखडली.

राहिला दगड. खालून लाकडाची चौकट होती, काही दिसेना. मी म्हटलं, कापडाचा कोपरा उचलून बघायला हवा. बोलायचा अवकाश, काकांनी पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर आणून हातात दिला. आता तुम्हीच सांगा, कुठला विकणारा गिऱ्हाईकाच्या हातात पक्कड देतो? शंका यायला हवी होती की नाही? मी पिना उपटल्या, कापड ओढलं आणि ते टर्रकन वीतभर फाटलं.

"फाटू दे," काका म्हणाले. "तू नवीनच लावणार असशील. फक्त संध्याकाळपर्यंत कर. पोरगा उद्या बोटीवरून येतोय, सहा महिन्यांनी. आल्या आल्या आधी टेबलावर जातो तो."

मी म्हटलं, विकलेल्या टेबलावर मुलगा कसा खेळणार?

"विकलं कोणी?" काका म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघत असतानाच फाटक वाजलं. हत्यारांची पिशवी घेतलेला एक मिस्त्री आत आला. "सॉरी काका, लेट झाला. मी चुकून पलीकडच्या गल्लीत गेलो. तिकडे पण टेबल. तिकडचे मालक बोलले, तुम्ही अकराला येणार होता ना, लवकर आलात, बरं झालं. मी पण म्हटलं, चला, बघून घेऊ." तिथल्या टेबलावर यानं म्हणे बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं, आवाज ऐकला आणि जागच्या जागी टोकन देऊन टाकलं. "असला दगड आता मिळत नाही," तो मला म्हणाला.

मी पंधरा दिवस व्हिडिओ पाहिले होते.

मग त्याची नजर काकांच्या टेबलाकडे गेली. हे कोणी केलं, त्यानं विचारलं. मी मोबाईल दाखवून लेव्हलबद्दल सांगितलं. त्यानं मोबाईल उलटा केला आणि मागच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. "साहेब, हा टेकू असल्यावर पाण्याची टाकी पण तिरकी दाखवेल." त्यानं फरशीचे तुकडे काढले. टेबल जसं होतं तसं सरळ झालं. फक्त रबर बदलायचं होतं, आता कापडही बदलायला लागणार होतं.

लाजेनं मला घरी जाववेना. काकांचा मुलगा उद्या येणार, आणि टेबल मी सोलून ठेवलेलं! मी थांबलो. चार वाजेपर्यंत मिस्त्रीच्या हाताखाली कापड ताणून धरलं. काका एका शब्दानं रागावले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. निघताना मिस्त्री म्हणाला, रविवारी मोकळे असाल तर येत जा, हात बरा आहे. आणि काकांनी वाडीतला केळ्यांचा अख्खा घड स्कूटरवर बांधून दिला.

हेमा दारातच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, घडाकडे पाहिलं आणि टेबल कुठे म्हणून विचारलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तिनं फक्त एक केळं अंगठ्यानं दाबून बघितलं.

"ही भाजीची आहेत," ती म्हणाली. "घेताना बघितली नाहीत?"

आठवडाभर आम्ही केळ्याची भाजी खाल्ली. वर भुरभुरलेली कोथिंबीर हेमानं आणलेली होती.